न्यूयॉर्क ब्यूटीची वळणे हाताने जोडताना

तुमची अडचण मला समजली ती अशी. उरलेले सुती ब्लाउजपीस आणि जुने शर्ट यांच्या तुकड्यांतून न्यूयॉर्क ब्यूटी या काटेरी कमानींच्या गोधडी-रचनेचे दहा इंची ठोकळे, म्हणजे पांघरुणाचे चौकोनी भाग, तुम्ही करायला घेतले आहेत. कागदावर शिवलेल्या काटेरी कमानी नीट उतरल्या, पण मधला पाव गोल आणि बाहेरचा सपाट भाग मशीनवर जोडताना चुण्या पडतात आणि काट्यांची टोके शिलाईत गडप होतात. ही वळणे हाताने शिवावीत का, आणि कागद आधी काढावा की शेवटी, हे तुम्हाला विचारायचे आहे. हातानेच शिवा, आणि वळण जोडायच्या आधी कागद काढा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कागद काढण्यापूर्वी एक काम करायचे असते, ते पुढे सविस्तर सांगते.

‘कागद शेवटपर्यंत काढू नये’ असे तुम्ही वाचले आहे. ते चूक नाही, पण ते दुसऱ्या पद्धतीविषयी आहे. इंग्लिश पद्धतीत प्रत्येक तुकडा कागदाच्या आकारावर दुमडून घेतात, शेजारच्या तुकड्याला काठावरून बारीक टाके घालून जोडतात, आणि चहूबाजूंचे शेजारी जोडले गेल्यावरच आतला कागद काढतात. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्ड या गोधडी शिवणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात १७१८ हे साल घातलेले रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण आहे, त्यातले कागद आजही आतच आहेत. तुमच्या कमानी वेगळ्या पद्धतीच्या आहेत. त्यांत छापलेल्या रेघेवर कागदासकट टीप मारली जाते, आणि टीप मारून झाली की कागदाचे काम संपते. न्यूयॉर्क ब्यूटी हे नाव या रचनेला १९३० साली माउंटन मिस्ट या छापाच्या नमुन्यामुळे मिळाले. अमेरिकेतील बायका त्याआधीपासून ही रचना रॉकी माउंटन रोड, क्राऊन ऑफ थॉर्न्स अशा नावांनी शिवत होत्या.

आता चुण्यांकडे वळू. तुमच्या ठोकळ्यात मधल्या पाव गोलाची त्रिज्या शिलाईच्या रेघेपर्यंत ३ इंच धरली, तर ती रेघ सुमारे ४.७ इंच लांब येते. पाव इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरची जादा कड, सोडल्यावर त्या गोलाची कापलेली कड ५.१ इंच होते, आणि कमानीची आतली कड मात्र ४.३ इंचच राहते. दोन्ही कडांत पाऊण इंचाहून थोडा अधिक फरक पडतो. कमानीच्या बाहेरच्या वळणाची त्रिज्या ७ इंच असेल, तर रेघ ११ इंच होते, पण कडांमधला फरक तेवढाच, पाऊण इंचाहून किंचित जास्त राहतो. त्रिज्या कितीही घ्या, पाव इंच मायेला हा फरक बदलत नाही. मोठ्या वळणात तो अकरा इंचांत पसरतो, लहान वळणात पावणेपाच इंचांत मुरवावा लागतो, म्हणूनच तुमचा मधला गोल जास्त त्रास देतो. आपण सरळ शिलाईच्या सवयीने कडेला कड लावत जातो आणि शेवटी गोलाचा एवढा भाग उरतो की तो चुणीतच जातो. ब्लाउजला बाही लावताना मुंढ्याच्या बाबतीत आपण हेच करतो: कडा जुळत नाहीत हे मान्य करून खुणेला खूण आणि रेघेला रेघ जुळवतो.

म्हणून रेघ कापडावर हवी. मधला गोल आणि बाहेरचा भाग जाड पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापडाच्या उलट बाजूला पेन्सिलने आखा, पाव इंच माया सोडून कापा, आणि वळणाच्या मध्यावर व दोन्ही पाव भागांवर खूण करा. कमानीची रेघ मात्र कागदावर आहे, कापडावर नाही. ती कापडावर उतरवायला मी उठून दिसणाऱ्या रंगाच्या दोऱ्याने छापलेल्या वळणरेघेवरून, कागदासकट, अर्ध्या इंचाचा कच्चा धावदोरा घालते, आतल्या वळणावर एक आणि बाहेरच्या वळणावर एक. खुणांच्या जागीही एकेक टाका घालते. मग कागद त्या टाक्यांच्या ओळीवर हलकेच दुमडून सोडवते. कागद निघतो आणि रेघ कापडावर राहते. कमानीच्या कडा बहुतेक उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, असतात, त्या ताणल्या जाऊ नयेत हेही काम तोच दोरा करतो. माझ्या पहिल्या पांघरुणात मी हा दोरा घातला नव्हता. सगळे कागद एका दुपारी काढून कमानी टोपलीत टाकल्या, आणि आठवड्याने पाहिले तर निम्म्यांची वळणे सैल होऊन त्यांना झोळ आला होता. तेव्हापासून ज्या दिवशी वळण शिवायचे त्याच दिवशी, त्याच कमानीचा कागद मी काढते.

शिवताना आत वळलेली कड, म्हणजे पोकळ बाजू, आपल्याकडे धरायची. टाचण्या आधी मध्यावर, मग दोन्ही टोकांना, मग पाव खुणांवर. प्रत्येक टाचणी दोन्ही रेघांतून आरपार उभी जायला हवी. मधल्या गोलाच्या वेळी कमानीच्या आतल्या कडेच्या मायेत अर्ध्या अर्ध्या इंचावर छोटे काप द्या, पण मायेच्या निम्म्यापर्यंतच, आणि काट्यांच्या शिलायांवर कातर नेऊ नका. बाहेरच्या वळणाला सहसा कापांची गरज पडत नाही. दहा नंबरची सुई, एकपदरी सुती दोरा, लांबी हातभराहून कमी, आणि इंचाला आठ-दहा टाक्यांचा धावदोरा पुरतो. एका वेळी सुईवर तीनच टाके घ्या. काट्यांच्या शिलाया जिथे येतात तिथे जाडी असते, तिथे प्रत्येक वेळी एक उलटी टीप घाला, नाहीतर तेवढ्या जागी शिवण उसवते.

टोके गडप होण्याचा प्रश्न बाहेरच्या वळणावर येतो, कारण तेव्हा कमान मागच्या बाजूला जाते आणि टोके डोळ्यांआड होतात. प्रत्येक काट्याच्या टोकाशी, जिथे दोन शिलाया मिळतात त्या बिंदूतून, एक उभी टाचणी घाला. तिच्यापाशी पोहोचलात की कापड उलटून पाहा आणि टाका त्या बिंदूच्या एका धाग्याइतका बाहेर, मायेच्या बाजूला घ्या. मशीनच्या दाबाखाली हे धाग्याएवढे सरकणे जमत नाही. हाताने शिवण्याचा आग्रह मी मुख्यतः यासाठीच धरते. शिवण झाल्यावर आतली माया गोलाकडे आणि बाहेरची माया सपाट भागाकडे वळवा, म्हणजे काट्यांच्या जाड शिलाया आडव्या पडतील. इस्त्री ठेवून उचला, ओढू नका.

तुकड्यांविषयी थोडेसे. गडद लाल आणि काळे कापड ओले करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहा. रंग उतरला तर ते बाजूला ठेवा. रेशमी आणि टेरीकॉटचे तुकडे या कामात घेऊ नका, ते सुईखाली सरकतात आणि इस्त्रीच्या उष्णतेला सुतासारखे वागत नाहीत. काट्यांना लागणारा तुकडा जागेपेक्षा सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठा हवा. कागदावर तुकडा उलटवताना तिरका बसतो आणि कोपरा उघडा राहतो, तिथे सढळ कापड वाचवते. रंग जुळवण्याच्या फार मागे लागू नका, फक्त काटे आणि त्यांच्यामधली जागा यांत गडद-फिक्याचा फरक ठेवा. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की हा फरक लगेच दिसतो.

आतल्या थरासाठी तुम्ही बाजारच्या कापसाच्या थराचा विचार करत आहात असे दिसते. आपल्या हवेत मी त्याऐवजी गोधडीसारखे जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दोन पदर घालते. वळणाजवळ धावदोरा घालताना तो शिवणीपासून पाव इंच दूर, सपाट भागाच्या आतून न्या, म्हणजे मायेच्या जाडीत सुई अडणार नाही. आधी एकच ठोकळा पूर्ण करून धुवून पाहा, आणि मगच उरलेल्या कमानींचे कागद काढायला घ्या.