पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप परत भरणाऱ्या पीजी_रिस्टोरला नेमके कोणते ऑप्शन द्यायचे?
दादा, राजवाड्याजवळच्या दुकानाचा बिलिंग डेटा नव्या मशीनवर घ्यायचाय आणि पीजी_डंपने काढलेली बॅकअप फाईल पीएसक्यूएलला, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड चालवायच्या टूलला, दिली की एरर येतेय म्हणताय, तर बहुतेक ती कस्टम फॉरमॅटची, म्हणजे साधा मजकूर नसलेली, असणार, पीएसक्यूएलला फक्त साधी एसक्यूएल फाईल चालते, हिला पीजी_रिस्टोरच लागतं. आधी मायनस स्मॉल एल लावून फाईलमध्ये काय काय आहे ते बघून घ्या, यात डेटाबेसला हात लागत नाही. मग रिकामा डेटाबेस बनवून मायनस डीने त्याचं नाव द्या. नव्या मशीनवर जुना युजर नसला की ओनरच्या, म्हणजे टेबलांच्या मालकाच्या, एररची रांग लागते, म्हणून जुना ओनर सोडून देणारा मायनस कॅपिटल ओ लावाच. मायनस ई पण द्या, नाहीतर एरर आली तरी ते पुढे चालतच राहतं. डेटा मोठा असेल तर मायनस जे 4, म्हणजे 4 जॉब एकदम चालतात, फक्त सिंगल ट्रान्झॅक्शनवाला, म्हणजे सगळं भरेल नाहीतर काहीच नाही असा, मायनस 1 मग सोबत चालत नाही.

आणि प्लीज, मायनस स्मॉल सी चालू दुकानाच्या डेटाबेसवर मारू नका, तो आधी टेबलं ड्रॉप करतो! एकच टेबल हवं तर मायनस स्मॉल टी आहे, पण त्यात इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) येत नाहीत, ते वेगळे बनवावे लागतील.