घुमट कोणाचे, पालखी कोणाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या घरी गणपतीच्या आरतीला घुमट वाजवण्याची पूर्वापार पद्धत आहे. यंदा एका नातेवाइकांनी, ‘हे गोव्यातील ख्रिस्ती लोकांचे वाद्य आहे, देवापुढे नको,’ असा आक्षेप घेतला. घरातील तरुण मंडळी संभ्रमात पडली आहेत. वस्तुस्थिती काय आहे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपली पद्धत निःशंकपणे चालू ठेवावी. कुंभाराने घडवलेल्या, दोन्ही बाजूंनी उघड्या अशा भाजलेल्या मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणायचे, एका हाताने त्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा, ही या वाद्याची रीत गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात दोन्ही समाजांनी सांभाळली आहे. हिंदू घरांत आणि देवळांत ते शामेळ (काठीने वाजवायचे चर्मवाद्य) व कांसाळे (झांज) यांच्या जोडीने आरतीला आणि सुवारी या सामूहिक वादनाला वाजते, तर ख्रिस्ती घरांत मांडो हे कोंकणी गीत गाताना व्हायोलिनच्या साथीला तेच घुमट असते. म्हणजे ते ख्रिस्ती लोकांचे आहे हे आपल्या नातेवाइकांचे म्हणणे खरे आहे. ते केवळ त्यांचेच आहे, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

या सामायिकपणामागे कष्टाचा इतिहास आहे. गोव्यातील पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली होती आणि लग्नात गायल्या जाणाऱ्या ओव्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. तरीही धर्म बदललेल्या घरांतील बायकांनी लग्नाच्या ओव्या गाणे सोडले नाही. ज्या काळात सत्तेने गाण्यावरून माणसे वेगळी काढण्याचा प्रयत्न केला, त्या काळातही लोकांनी जे सोडले नाही, ते आज आपण आपल्या हाताने सोडावे, हे मला अतिशय दुःखाचे वाटते. ओवीचेच पाहिले, तर गोव्यातील इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीतच आहे.

घुमटाबाबत एक बदल मात्र आवश्यक होता आणि तो झालाही आहे. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जाही दिला आहे. आपल्या घरी जुने कातडे असल्यास ते बदलून घ्यावे. आरती बदलण्याचे कारण नाही.

प्रश्न : कोकणातील गणपती लोकमान्य टिळकांनी सुरू केला, असे एका भाषणात ऐकले. ते बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : लोकमान्यांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक स्वरूप देण्यासाठी पुढाकार घेतला. घराघरांतील गणपती त्याच्या पुष्कळ आधीचा आहे, आणि १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना तो लहानपणापासून परिचयाचा असणार. कोकणात आजही मुख्य उत्सव घरातलाच असतो. गणपतीवर बांधलेल्या माटवीला, म्हणजे लाकडी चौकटीला, शेरवड, कवंडाळ या रानवनस्पती, सुपारीचे घोस असा भाद्रपदातल्या रानातला आणि बागेतला ऐवज लटकवतात. वक्त्याने ‘सार्वजनिक’ हा एक शब्द गाळला, एवढाच दोष आहे.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी ‘कोकणातील सामायिक परंपरा’ हा विषय मुलांना दिला आहे. सर्व मुले शिमगा आणि गणपती यांवरच लिहितात. आणखी काय सुचवता येईल?
— एक शिक्षिका, अलिबाग

उत्तर : आपल्या तालुक्यातच उत्तम विषय आहे. बेने इस्राएल या कोकणातील ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले आणि वाचलेली कुटुंबे कोकणातील गावांत स्थायिक झाली. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सुटीच्या दिवसावरूनच समाज ओळखला जावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. गावांवरून पडलेली किहीमकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावे मुलांना लगेच ओळखीची वाटतील. भिजवलेले पोहे, खोबरे, गोडवा आणणारा गूळ किंवा साखर आणि फळे यांचा मलिदा करून ते एलिया प्रेषिताचे स्मरण करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडक त्यासाठी पवित्र मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, तरी तेथेही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले.

दुसरा विषय रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावाचा. तेथील किल्ला १७४० मध्ये पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला. परंतु पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली आपली वेगळी बोली आजही बोलतात. शक्य असल्यास मुलांना पुस्तकातून उतरवून घेण्याऐवजी तेथील वृद्धांकडून एखादे गाणे ऐकू द्यावे आणि ते कोणत्या प्रसंगी गातात, तेही विचारायला सांगावे.

प्रश्न : आमच्या गावात गौरी-गणपतीला जाखडी नाच आणि शिमग्याला नमन हे लोकनाट्य होत असे. गाणारे बुवा थकले आहेत. मुंबईकर मंडळाचे म्हणणे आहे की, सर्व गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत आणि सणाला तीच लावावीत; परंपरा टिकेल आणि कोणाची रजाही जाणार नाही. आपले मत काय?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ध्वनिमुद्रण अवश्य करावे, आणि ते बुवांच्या हयातीत लवकर करावे. ते सणाला लावण्यास मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. जाखडीत मध्ये बसलेले गायक आणि वादक, त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधून फेर धरणारे नाचे, आणि शक्ती व तुरा या दोन पक्षांच्या सामन्यात समोरच्या शाहिराने टाकलेल्या प्रश्नाला तेथल्या तेथे दिलेले उत्तर, हे सारे समोरासमोर घडते. ध्वनिमुद्रित शाहीर कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. नमनातही गण, गवळण, संकासूर आणि सोंगे या प्रत्येकासाठी माणूस लागतो; माणूस लागतो म्हणूनच वाडीतील घरे एकमेकांशी बांधलेली राहतात. शिमग्यात पालखी कोणी उचलायची, ढोल कोणी वाजवायचा, होळीचे झाड कोणी आणायचे हे ठरलेले असते, आणि सण सर्वांचा होतो तो या वाटून घेतलेल्या कामामुळे.

या मानपानाच्या व्यवस्थेत जातींची उतरंडही होती, आणि ढोल वाजवणाऱ्याला गाभाऱ्यापासून दूर ठेवले जात होते, हेही येथे सांगणे मी कर्तव्य समजतो. रत्नागिरीत सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभारावे लागले, ते याच अन्यायामुळे. त्यामुळे आपण नव्याने कामे वाटणार असाल, तर जुनी यादी जशीच्या तशी पुढे न आणता ज्या घरांना आजवर जागा नव्हती त्यांना ती द्यावी, आणि मुलींनाही फेरात घ्यावे.

रजेची अडचण खरी आहे. मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांत काम करणाऱ्या चाकरमान्यांपुढेही ती होती. त्यांनी मुंबईतच तालमी करून आपले खेळ जिवंत ठेवले. आपल्या मंडळानेही श्रावणात रविवारी मुंबईत तालीम ठेवावी, बुवांच्या ध्वनिमुद्रणाचा उपयोग तेथे चाली बसवण्यासाठी करावा आणि गावातील शाळकरी मुलांना त्याच चाली बुवांसमोर बसवून शिकवाव्यात. पहिल्या वर्षी एक गण आणि दोन गवळणी बसल्या तरी चालेल. ढोलकी मात्र आधी गावातल्याच एखाद्या मुलाच्या हाती द्यावी, कारण गाणारे मुंबईहून चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोहोचले तरी निभावते, ठेका धरणारा गावात असावा लागतो.