पन्नाशीतलं गोल्ड

प्रश्न : फेन्सिंगमध्ये (म्हणजे तलवारबाजीत) सगळ्यात जास्त ऑलिम्पिक गोल्ड कोणाची? आणि वयाचं काही लिमिट असतं का हो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अलादार गेरेविच, हंगेरीचा, सात गोल्ड! त्यातली सहा सेबरच्या (फेन्सिंगमधला तलवारीचा एक प्रकार) टीम इव्हेंटची, १९३२ ते १९६०, मध्ये महायुद्धामुळे दोन ऑलिम्पिक झालीच नाहीत तरी याची सहाच्या सहा, म्हणजे बावीशीत पहिलं आणि पन्नाशीत शेवटचं, आता बोला वयाचं! १९६० ला त्याला म्हणे सांगितलं की तुझं वय झालं, तर हा गडी म्हणाला बोलवा सगळ्या टीमला, आणि एकेकाला हरवून रोम ऑलिम्पिकला गेला. किस्सा थोडा तिखटमीठ लावलेला असेल, पण मेडल खरं आहे. घरच तसलं, बायको एर्ना बोगेनला १९३२ चं ब्रॉन्झ, सासऱ्यांना १९१२ चं सिल्व्हर, पोरगा पाल त्याला दोन ब्रॉन्झ.

एकूण मेडल मोजाल तर मात्र इटलीचा मांजारोत्ती पुढे, १३. मूळचा उजवा, वडिलांनी मुद्दाम डावखुरा केला, कारण डावऱ्याची तलवार समोरच्याला भलत्याच बाजूने येते. आपल्याकडे उलट, डाव्या हाताने घास घेतला की फटका!