फुटाळा तलावाच्या काठावरून

प्रिय बाबू,

‘नागपुरात काढण्यासारखं आहेच काय, कोकणात जातो,’ असं लिहिलंस. जा की. मीही तुझ्या वयात गेलो होतो. पंधरा दिवसांत तीस चित्रं! घरी येऊन मांडली तर सगळी कॅलेंडरं. माड, होडी, समुद्र. तिथला चिखल कोणत्या महिन्यात कसा वाळतो ते मला ठाऊक नव्हतं, आणि तेच चित्रांत दिसून राहिलं होतं.

तुझ्या तलावाच्या चित्राखाली ‘मे’ लिहिलंय आणि वर निळंशार अल्ट्रामरीन! मेमध्ये आपल्याकडे असं आभाळ कुठं पाहिलंस? पांढुरकं, धुळकट असतं ते. यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, पाण्यासारखा पातळ वॉश (सलग हात) दे, बाकी कागद कोराच राहू दे. पारा ४५ वर गेला की वॉश खाली पोचेस्तोवर वरची कड वाळते आणि रेघ पडते. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजव, खाली ओलं फडकं घाल, आणि सकाळी साडेआठला सामान गुंडाळ. जुलैत उलटं. वॉश वाळतच नाही. तेवढ्यात तर्री-पोहे खाऊन येता येतं.

काळ्या मातीला ट्यूबमधला काळा लावू नकोस, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळ. भेगाळलेल्या उन्हाळी जमिनीला भरपूर पाणी घालून फिकट ठेव. मृगाचा पाऊस झाला की तोच रंग दाट घे, निळा थोडा वाढव.

इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) देशाबाहेर कधी गेलाच नाही. स्टूर नदीकाठची गिरणी, कालवा, शेतं, हेच रंगवत राहिला. १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला त्यानं नुसते ढग काढले. कित्येकांच्या मागं तारीख, वेळ, वारासुद्धा टिपलाय. ती सवय मी उचलली. माझ्या जुन्या कागदांच्या पाठी वाचशील तर चित्रांपेक्षा जास्त कळेल.

फुटाळ्याच्या काठी प्रेक्षकांसाठी गॅलरी बांधली तेव्हा रागानं मी दोन वर्षं तिकडं फिरकलो नाही. माझं झाड झाकलं गेलं होतं ना! मग एका सकाळी गेलो, तर सिमेंटवर पाण्याचा उजेड हलत होता. तो अजून मला नीट साधलेला नाही.

रविवारी सहाला ये. पाण्याच्या दोन बाटल्या आण, एक प्यायची.

तुझा,
काका