हत्यार कुठे चुकतं?

चि. … हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या इतिहास-संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्याच पानावर सांख्यिकी, हवामानशास्त्र, मानवशास्त्र, भाषाविज्ञान, भूगोल अशी पाच शास्त्रं रांगेनं उभी, आणि तुझा प्रश्न सापडला तो सातव्या पानावर, तळटिपेत! वर विचारतेस, “एक सर म्हणतात कागद सोडू नकोस, दुसऱ्या मॅडम म्हणतात नुसत्या कागदांवर आता कोण इतिहास लिहितं, मी कुणाचं ऐकू?” तूर्त कुणाचंच नको. तळटिपेतला प्रश्न पहिल्या ओळीत आण, मग बोलू. (मला राहवत नाही, म्हणून आजच बोलतोय.)

मुळात हे भांडणच खोटं आहे. जर्मन इतिहासकार रांके हा कागदवाल्यांचा, म्हणजे दस्तऐवजांवरच इतिहास लिहिणाऱ्यांचा, कुलपुरुष. १८२४ सालच्या पहिल्याच ग्रंथात त्यानं जुन्या इतिहासकारांची उलटतपासणी केली: हा लिहितो ते याला कळलं कुठून, यानं ते उचललं कुणाकडून? ही उलटतपासणी तो शिकला ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या प्रती ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या भाषापंडितांकडून. म्हणजे आपण जिला सोवळी, अस्सल पद्धत म्हणतो तीही उसनीच. पुढे १९२९ मध्ये ब्लॉक आणि फेव्र या फ्रेंच इतिहासकारांनी ‘अनाल’ हे इतिहासाचं नियतकालिक काढलं आणि भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांना दार सताड उघडलं. ही कथा तुला पाठ आहे, ती आराखड्यात तीन पानं कशाला?

उसनं घ्यायचं की नाही, हा प्रश्न कधीच निकालात निघाला. उरतो तो एकच: उसनं आणलेलं हत्यार कुठे चुकतं, हे तुला ठाऊक आहे का?

इतिहासकार दा. ध. कोसंबी आठव. माणूस मुळात गणिती. नाणी हाताळून झिजतात, वजन घटत जातं आणि नाण्या-नाण्यांतली तफावत वाढत जाते, या तर्कावर त्यांनी आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या प्राचीन नाण्यांचा, कालक्रम लावायला घेतला. पण त्याच्या जोडीला आपल्या काळातली चलनी नाणीही तराजूवर चढवली, झीज खरंच अशी होते का ते बघायला. गणित येणाऱ्यानंही ते गृहीत धरलं नाही, आणि तू सॉफ्टवेअरनं काढलेला आलेख थेट चिकटवतेस.

आता उलट उदाहरण. १९७४ मध्ये फोगेल आणि एंगरमन या अर्थशास्त्राच्या अंगानं इतिहास लिहिणाऱ्या दोघांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीवर आकडेमोडीचं पुस्तक काढलं. एका मळेवाल्याच्या डायरीवरून हिशेब मांडला: दर गुलामामागे वर्षाला चाबकाच्या शिक्षा सरासरी ०.७. वाचून वाटावं, फार नाही. हर्बर्ट गटमन या इतिहासकारानं त्याच नोंदी घेतल्या आणि दाखवलं की त्या मळ्यावर दर चार-पाच दिवसांनी कुणावर तरी चाबूक चालत होता. छेदातल्या माणसांच्या संख्येवरही त्यानं बोट ठेवलं, पण खरा घाव पहिलाच. शिक्षा बाकीच्यांना धाक बसावा म्हणून असते. ती दरडोई वाटून काय कळणार? आणि फोगेल अडाणी नव्हते हं, १९९३ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सरासरी कुठे चुकते हे आकडे बघून कळत नाही, चाबूक काय करतो ते माहीत असावं लागतं.

हसू नकोस, मीही त्यातलाच. तरुणपणी एका जुन्या वास्तूच्या तुळईचा तुकडा, लाकडाचं वय सांगणाऱ्या कार्बन-१४ चाचणीला पाठवला. लिबी या रसायनशास्त्रज्ञानं ही पद्धत १९४९ मध्ये जगापुढे आणली, आमच्या वेळीही तिचा दरारा होता. उत्तर आलं ते बांधकामाच्या कागदांहून दीडशे वर्षं जुनं. मी ते कागद बनावट ठरवून मोकळा झालो, लेखही छापला. चाचणी सांगते ते लाकडाचं ते वलय कधी वाढलं एवढंच. झाड कधी तोडलं, तुळई कधी चढवली, ती आधीच्या इमारतीतून काढून आणली होती का, यावर ती गप्प असते. माझा तुकडा जुन्या खोडाच्या गाभ्यातला होता, आणि गाभ्यातली वलयं झाड तोडण्याच्या कितीतरी आधी वाढलेली असतात. पद्धत चुकली नव्हती, मी तिला भलताच प्रश्न विचारला होता. आणि कधीच मरून गेलेल्या एका कारकुनाला छापील खोटारडा ठरवून बसलो होतो.

त्यानंतर दोन वर्षं मी काही लिहिलं नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांकडे जाऊन बसायचो आणि एकच विचारायचो, तुमचं कधी चुकतं? म्हणून माझ्या नावावर पुस्तक एकच. सहकारी म्हणायचे, रेंगाळतो. रेंगाळलो नाही, शिकत होतो. निदान स्वतःला मी असंच सांगत आलोय, आता तूही ऐकून घे.

तेव्हा पाचातली चार शास्त्रं खोड. राहील त्या एकातल्या जाणकाराकडे जा आणि आधी त्याची चूक विचार. तो खूश होऊन तासभर बोलेल, अनुभवानं सांगतो.

तुळईचा तो अहवाल अजून जपून ठेवलाय. येशील तेव्हा दाखवीन. गाभ्यातलं लाकूड असेल तर काळ जुना दिसेल, असं त्यात स्वच्छ छापलंय. खाली, तळटिपेत.

तुझा,
काका