नेत्यांच्या घरची गोष्ट आणि तुझा व्हिसा

प्रिय विद्यार्थिनी,

तू कुडाळची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. प्रकल्पासाठी तू बाहेरून आलेल्या घराण्यांतल्या नेत्यांची माहिती जमवलीस. ज्यांचे आईवडील परदेशातून आले, तेच इतरांना दार का बंद करतात, या प्रश्नाने तुला झोप येईना आणि पुढे हेच शिकायचं तू ठरवलंस. ब्रिटनमधल्या विद्यापीठाचं स्थलांतर अभ्यासातल्या एम.ए.साठी ऑफर लेटर आलं आहे. बाबा आंब्याची बाग तारण ठेवायला तयार आहेत. ‘वराडच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान होतो, मग आमच्या मुलीने का मागे राहायचं?’ असं ते म्हणतात. जाऊ का, असं तू विचारतेस.

माझं मत स्पष्ट सांगतो. विषय सोडू नकोस. पण बाग तारण ठेवून यंदा जाऊ नकोस.

बाबांचं उदाहरण खरं आहे. लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, २०१९ च्या डिसेंबरात कुटुंबासह वडिलांच्या गावी, वराडला येऊन गेले, आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटला. पण त्यांचे वडील १९६० च्या दशकात डॉक्टर म्हणून ब्रिटनला गेले, तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टर कमी पडत होते आणि भारतीय उपखंडातले डॉक्टर त्यांना हवे होते. तिथे त्यांची गाठ आयरिश परिचारिकेशी पडली आणि पुढे संसार डब्लिनला थाटला. कष्ट त्यांचे होतेच, पण दार त्या काळाने उघडलं होतं.

तू यादीत ब्रिटनच्या नेत्या सुएला ब्रेव्हरमन यांना एका ओळीत उरकलंस. तिथे थांबायला हवं होतं. त्यांचे वडील मूळ गोव्याच्या घराण्यातले, केनियात राहिलेले. २०१५ मध्ये खासदार म्हणून केलेल्या पहिल्या भाषणात त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली: फेब्रुवारी १९६८, हीथ्रो विमानतळ, थंडी, विशीतला एकटा मुलगा आणि हातात ब्रिटिश पासपोर्ट. आता तारखा जुळव. त्याच फेब्रुवारीच्या अखेरीस ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा मंजूर केला आणि १ मार्चपासून केनियातल्या आशियाई लोकांकडचा तोच पासपोर्ट पुरेनासा झाला. जो स्वतः किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणीतरी ब्रिटनमध्ये जन्मलं किंवा तिथलं नागरिक झालं, त्यालाच मुक्त प्रवेश. बाकीच्यांनी परवान्याच्या रांगेत थांबायचं. थोडा उशीर झाला असता, तर त्या मुलाची वाट फार बिकट झाली असती. त्याच माणसाची मुलगी पुढे गृहमंत्री झाली आणि आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवण्याच्या योजनेची कट्टर समर्थक ठरली.

ती योजना २०२२ मध्ये आणली त्यांच्या आधीच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांनी. त्यांचे आईवडील युगांडातून आलेले गुजराती. २०२० मध्ये गुणांवर आधारित नवे व्हिसा नियम मांडताना त्यांनी रेडिओवर कबूल केलं होतं की, या नियमांत आपल्या आईवडिलांना कदाचित प्रवेश मिळाला नसता.

हे का होतं? मला वाटतं, याला निव्वळ कृतघ्नपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे आणि अपुरं आहे. ‘आम्ही कायद्याने आलो’ असं ही मंडळी मनापासून सांगतात आणि ते खरंही असतं. फक्त कायदा त्यावेळी काय होता, हे गोष्टीतून गळतं. शिवाय बाहेरून आलेल्या घरातला नेता निर्बंध मांडतो, तेव्हा पक्षाला वर्णद्वेषाचा आरोप झटकता येतो. उलट बाजूही पाहा. बेळगावात वाढलेले श्री थानेदार १९७९ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, आज मिशिगनचे खासदार आहेत आणि स्वतःची तशीच गोष्ट स्थलांतरितांच्या बाजूने सांगतात. गोष्ट कुणाचीही असो, ती आली की विचारायचं: कोणत्या साली, कोणत्या नियमाखाली?

हाच प्रश्न स्वतःच्या ऑफर लेटरला विचार. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणून बाग मध्ये आली. अभ्यासक्रम संपल्यावर तिथे काम शोधायला पूर्वी दोन वर्षं मिळत. जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दीड वर्षच मिळणार आहे. पुढच्या कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंडांवर गेली आहे. नवख्यांना थोडी सवलत आहे, पण या विषयातल्या बऱ्याच नोकऱ्या छोट्या स्वयंसेवी संस्थांत असतात आणि तिथे व्हिसा पुरस्कृत करणारा मालक मिळणं कठीण. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा, मी स्वतः शिफारस करीन.

तोवर इथे पाया घाल. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथे लोकसंख्या अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि स्थलांतरावर स्वतंत्र काम चालतं. तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्रातून १९९८ पासून केरळच्या स्थलांतराची सर्वेक्षणं सुरू झाली. ते अहवाल वाच. संख्याशास्त्राची भीती वाटते असं लिहिलंस. ती घालवावीच लागेल, कारण आकडे वाचता न येणाऱ्याला या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही. वाद घालायची आवड असेल तर तीन वर्षांचं एल.एल.बी. हाही चांगला रस्ता आहे.

आणि विषयासाठी लंडन गाठायची गरज नाही, सावंतवाडीच्या पलीकडे गोवा आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतले आणि युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ते ब्रिटनमध्ये स्विंडनसारख्या गावी कामाला गेले. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, नव्याने जाणाऱ्यांसाठी तो रस्ता बंद झाला. एकाच घरातला थोरला तिथे कायमचा आणि धाकटा इथे अडकलेला, अशी कुटुंबं शोध, त्यांच्याशी कोकणीत बोल.

सुरुवातीला ब्रिटिश संसदेतली फेब्रुवारी १९६८ ची चर्चा वाच. हॅन्सार्ड या अधिकृत नोंदीत ती इंटरनेटवर फुकट मिळते. त्यावर चार पानं लिहून मला पाठव. देवनारच्या अर्जासोबत काय जोडायचं ते त्यावरून ठरवू.