चार दिवसांत ब्लूज बघायचा तर न्यू ऑर्लिन्स सोडा

मेम्फिसला गाडी घेऊन चार दिवसांत न्यू ऑर्लिन्स गाठायचं आणि वाटेत ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्याची, सगळी ठिकाणं करायची, असा तुमचा ऑक्टोबरचा बेत आहे. त्यातलं न्यू ऑर्लिन्स काढून टाका. ते जॅझचं शहर आहे, आणि गाडी दुसऱ्या गावी सोडली की भाड्यावर वेगळा आकार चढतो. बुधवारी मेम्फिसहून निघा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलला चार रात्री मुक्काम करा आणि रविवारी मेम्फिसलाच परत या. हायवे ६१ ने अंतर जेमतेम १२० किलोमीटर आहे.

इथे अंतरापेक्षा वार महत्त्वाचा. बुधवारी दुपारीच डेल्टा ब्लूज म्युझियम उरकून घ्या, रविवारी ते बंद असतं. ते रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे, आणि तिथे ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या स्टोव्हॉल मळ्यावरच्या खोपटाचे ओंडके जोडून ठेवलेत. हायवे ६१ आणि ४९ च्या चौकातल्या निळ्या गिटारींच्या खांबाला मात्र पाच मिनिटं पुष्कळ झाली. रस्ते नंतर वळवले गेले, आणि ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने इथे सैतानाशी सौदा केला ही दंतकथाच आहे.

गुरुवारी नदीचा पूल ओलांडून आर्कान्सामधल्या हेलेनाला जा. ‘किंग बिस्किट टाइम’ हा ब्लूजचा रेडिओ कार्यक्रम तिथे १९४१ पासून चालू आहे. सोमवार ते शुक्रवार, दुपारी सव्वाबाराला. बाराच्या आत डेल्टा कल्चरल सेंटरमध्ये पोचलात तर प्रसारण समोर बसून बघता येतं.

शुक्रवारी टटवायलर, डॉकरी, इंडियानोला. टटवायलरच्या स्टेशनवर १९०३ च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडींना एक माणूस गिटारच्या तारेवर सुरी घासत गाताना दिसला होता. आपल्या कानाला ती सरळ मींडच वाटेल. स्टेशन आता उरलेलं नाही. डॉकरीच्या मळ्यावर जुन्या पिढीतला ब्लूज गायक चार्ली पॅटन राहायचा. तिथे जुन्या इमारती आहेत, दुकान वगैरे काही नाही, तेव्हा पाणी बरोबर ठेवा. इंडियानोलाच्या, ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्या म्युझियमला निदान दोन तास द्या. त्यांची समाधीही तिथेच आहे.

शनिवार ग्रीनवुडसाठी. रॉबर्ट जॉन्सनच्या नावाचे तीन दगड तीन ठिकाणी आहेत, कारण १९३८ च्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘झायन चर्च’ लिहिलंय आणि त्या नावाची चर्चेस भागात अनेक. एकच बघायचा तर मनी रोडवरच्या लिटल झायनचा बघा. त्याची कबर खणणाऱ्याच्या पत्नीने हीच जागा सांगितली होती. तसंच पुढे मनी गावात, १९५५ मध्ये ज्या दुकानातल्या प्रसंगावरून चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला, त्या दुकानाचे अवशेष आहेत. ते न बघता परतू नका. हा ब्लूज कोणत्या जगातून आला, ते तिथे कळतं.

शुक्रवार-शनिवारच्या रात्री ज्यूक जॉइंटसाठी, म्हणजे ब्लूज वाजतो त्या छोट्या बारसाठी, मोकळ्या ठेवा. रोख डॉलर सुटे ठेवा: दाराशी प्रवेशाचे, आणि वादकांसमोरच्या डब्यात टाकायचे वेगळे. गाणं चालू असताना बोलत बसू नका, फ्लॅश तर नकोच.

शाकाहारी असाल तर जपून. घेवड्याच्या उसळीत आणि पालेभाजीतही डुकराचं मांस घालून शिजवायची रीत आहे. ‘मांस आहे का’ न विचारता ‘कशात शिजवलंय’ असं विचारा. मक्याच्या सालीत गुंडाळलेले हॉट टमाले इथली खासियत, पण आत सारण मांसाचंच.

पाऊस पडून गेल्यावर मळ्यांतल्या कच्च्या रस्त्यांना हात लावू नका. इथली काळी माती आपल्या विदर्भातल्यासारखीच चाकांना धरते. नकाशा जवळची वाट म्हणून नेमक्या त्याच रस्त्यावर नेतो.